छोट्या अनुदानांचा हिशेब

सरकारी कार्यालयात दोन कोटी रुपयांच्या प्रस्तावाची फाईल आणि दोन लाख रुपयांच्या प्रस्तावाची फाईल यांच्या जाडीत फारसा फरक नसतो. दोघींचा प्रवास एकच. कक्षातील टिपणी, अवर सचिवांची सही, तांत्रिक विभागाचा अभिप्राय, वित्त विभागाची सहमती, मंजुरीचा आदेश आणि शेवटी वेतन व लेखा कार्यालय. प्रत्येक टेबलावर साधारण तेवढेच दिवस जातात आणि प्रत्येक टेबलावर एक तरी शंका निघते. किंबहुना लहान फाईल थोडी अधिकच रेंगाळते, कारण तिच्यासाठी दूरध्वनी करणारा कोणी वजनदार माणूस नसतो. वर्षअखेरीस खर्चाचा आकडा गाठायचा असतो तेव्हा दोन कोटींची एक फाईल हलवली की भागते. तेवढ्याच खर्चासाठी दोन लाखांच्या शंभर फायली हलवाव्या लागतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. व्यवहार करण्यालाही स्वतःचा एक खर्च असतो, ही गोष्ट रोनाल्ड कोस यांनी १९३७ सालीच अर्थशास्त्रज्ञांच्या लक्षात आणून दिली. हा खर्च रकमेच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून त्याचा भार सर्वांत जास्त पडतो तो लहान व्यवहारांवर.

केंद्रीय सेवेत ज्या अनेक समित्यांवर बसण्याचा योग आला, त्यांपैकी एक अशा लहान अनुदानांची होती. वन्यप्राणी, पक्षी, औषधी वनस्पती, देवराया, देशी बियाणी यांचे गावपातळीवर जतन करणाऱ्या गटांना पन्नास हजारांपासून चार-पाच लाखांपर्यंत रक्कम द्यायची, एवढेच तिचे काम. समितीचा दर्जा मोठा नव्हता आणि बैठकीतला चहाही बेतास बात. पण तीन वर्षे ते प्रस्ताव वाचताना जे शिकायला मिळाले, ते हजारो कोटींच्या योजनांच्या आढावा बैठकांत मिळाले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम अशा अनुदानातून नेमके काय विकत घेतले जाते ते सांगतो, कारण शहरातल्या माणसाला त्याची कल्पना नसते. चार तरुणांची पाच महिन्यांची मजुरी. गमबूट, विजेऱ्या, एक दुर्बीण. बैठकीच्या दिवशीचा भात. रोपवाटिकेची जाळी. गावातल्या शाळेत लावायचा पक्ष्यांचा तक्ता. यांतली एकही वस्तू अशी नाही की जिचे उद्घाटन करता येईल. प्रशासनात अशा खर्चाला वाली नसतो.

जागतिक पातळीवर या प्रकारचा सर्वांत जुना आणि मोठा प्रयोग म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम. रिओच्या वसुंधरा परिषदेच्याच वर्षी, म्हणजे १९९२ साली तो सुरू झाला आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत तो राबवला जातो. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर ही त्याची मर्यादा वर्षानुवर्षे होती. भारतात दीर्घकाळ अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने त्याची यजमान संस्था म्हणून काम पाहिले. त्या कार्यक्रमातल्या दोन गोष्टी मला प्रशासक म्हणून विशेष वाटतात. एक, देशपातळीवरच्या सुकाणू समितीत बहुमत बिगरसरकारी सदस्यांचे असते. दुसरी, प्रस्ताव स्थानिक भाषेत चालतो. लिहिता येत नसेल तर चित्रफितीतूनही मागणी मांडता येते. आमच्या समितीकडे येणारे प्रस्ताव इंग्रजीत असत आणि जितके सफाईदार इंग्रजी तितकी गावापासूनची दूरी अधिक, असा माझा अनुभव होता. अपवाद होतेच. पण 'सहभागीत्व' हा शब्द पहिल्या पानावर तीनदा आला की मी शेवटच्या पानावरचे मजुरीचे कोष्टक आधी पाहू लागलो. गावात राहणाऱ्या माणसाला मजुरीचा दर बरोबर ठाऊक असतो.

अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीवर सेइजोसा नावाचे गाव आहे. तेथील न्यिशी जमातीच्या पुरुषांच्या पारंपरिक शिरोभूषणावर धनेशाची चोच मिरवते. त्यासाठी आणि मांसासाठी धनेशाची शिकार होत असे. या शतकाच्या सुरुवातीला वन खाते आणि भारतीय वन्यजीव न्यास यांनी फायबरग्लासच्या चोची बनवून दिल्या आणि खऱ्या चोचीची गरज कमी झाली. पुढे गावबुढ्यांनी एकत्र येऊन 'घोरा-आभे' नावाचे मंडळ स्थापन केले. शिकार करणाऱ्याला दंड कोणता आणि किती, हे ते मंडळ ठरवू लागले. २०११च्या सुमारास म्हैसूरची निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान ही संस्था, वन खाते आणि हे मंडळ यांनी मिळून धनेशाची घरटी दत्तक देण्याचा कार्यक्रम सुरू केला. शहरातला माणूस वर्षाला काही हजार रुपये देतो. त्यातून गावातल्याच तरुणांना मासिक वेतन मिळते आणि ते व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, पापुम राखीव जंगलात, घरट्यांचा माग ठेवतात. त्यांतले काही जण पूर्वी स्वतः शिकार करीत. ढोली असलेले झाड कुठे आहे, नर कोणत्या वेळी येतो, हे शिकाऱ्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

धनेशाच्या विणीची पद्धत आपल्याकडे कोकणातही अनेकांनी पाहिली असेल. मार्चच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल व विष्ठा यांनी दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. एक चीर तेवढी उघडी राहते. त्या चिरेतून नर तिला, आणि पुढे पिल्लालाही, फळे भरवतो. हे जुलै-ऑगस्टपर्यंत चालते. या काळात नर मारला गेला तर केवळ एक पक्षी मरत नाही. आत कोंडलेली मादी आणि पिल्लूही उपासमारीने जाण्याचा धोका असतो. त्याउलट, राखणदाराने एक झाड पाच महिने सांभाळले की एक कुटुंब वाचते. खर्च आणि फळ यांचे इतके सरळ गणित लोकप्रशासनात क्वचित सापडते.

आता या मार्च ते ऑगस्टची सांगड आपल्या आर्थिक वर्षाशी घालून पाहा. आपले वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वर्षातील मंजुरीसाठी मागील वर्षाचा हिशेब हवा, हिशेबासाठी लेखापालाचे प्रमाणपत्र हवे, आणि मार्चअखेर लेखापाल कुणालाच भेटत नाही. २०१७पासून केंद्रीय अंदाजपत्रक १ फेब्रुवारीला मांडले जाऊ लागले. त्यामागचा एक हेतू हाच होता की १ एप्रिलला पैसा हाती असावा. वरच्या पातळीवर त्याचा फायदा झाला, हे मी जवळून पाहिले आहे. पण मंत्रालयापासून गावापर्यंतच्या पायऱ्या त्यामुळे कमी झाल्या नाहीत. वर्षाचा पहिला हप्ता गावात पोहोचेपर्यंत पावसाळा सरत आलेला असतो आणि दुसरा हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोही 'तत्काळ खर्च करून प्रमाणपत्र पाठवावे' या सूचनेसह. वास्तविक मार्च महिन्यात वर्षाच्या तरतुदीच्या १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, असे वित्त मंत्रालयाचे दंडक आहेत. दंडक चांगला आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा की उशिरा पोहोचलेली लहान फाईल मार्चमध्ये मागे ठेवली जाते आणि पुढच्या वर्षी तिचा प्रवास पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू होतो. धनेशाची मादी तोवर ढोलीत शिरलेली असते.

आमच्या समितीकडे ईशान्येकडील दुसऱ्या एका राज्यातील गावाचा असाच एक प्रस्ताव आला होता. गावाचे नाव सांगत नाही. रक्कम तीन लाख वीस हजार, दोन समान हप्त्यांत. सहा राखणदार, नऊ घरटी. पहिला हप्ता फेब्रुवारीत पोहोचला आणि काम ठरल्याप्रमाणे सुरू झाले. जूनमध्ये त्यांनी खर्चाचे विवरण पाठवले. त्यावर तीन आक्षेप निघाले. पहिला, मजुरीच्या पावत्यांवर सह्यांऐवजी अंगठे होते आणि ते साक्षांकित नव्हते. दुसरा, एका राखणदाराच्या नावाचे हजेरीपत्रकातील लेखन आणि बँकेच्या पुस्तकातील लेखन जुळत नव्हते. तिसरा, अनुदान बँकेत असताना त्यावर ४१२ रुपये व्याज जमा झाले होते आणि ते सरकारजमा केलेले नव्हते. अनुदानावरील व्याज केंद्राच्या संचित निधीत परत करावे असा सर्वसाधारण वित्तीय नियमांचा निर्देश आहे. तेव्हा तिन्ही आक्षेप नियमाला धरूनच होते.

पत्रव्यवहार अकरा महिने चालला. समितीने दोनदा दुसऱ्या हप्त्याची शिफारस केली. मीही स्वतंत्र टिपणी लिहिली. गावापासून जवळची बँक दोन तासांवर. नावाची दुरुस्ती करण्यासाठी त्या राखणदाराला तीन खेपा घालाव्या लागल्या आणि प्रत्येक खेपेची मजुरी बुडाली ती वेगळीच. अखेर हप्ता मंजूर झाला त्याच आठवड्यात गावाच्या गटाचे पत्र आले. हिंदीत, पाच-सहा ओळींचे, अत्यंत सभ्य. दुसरा हप्ता नको, असे त्यात लिहिले होते. आम्ही आपसात बसून ठरवले आहे की सहाऐवजी दोन माणसे ठेवू आणि त्यांना गावच धान्य देईल. हिशेब लिहिणारा मुलगा शहरात शिकायला गेला, त्यामुळे पुढे कागद पाठवणे जमणार नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. सोबत शिल्लक रकमेचा धनाकर्ष होता. त्यात ते ४१२ रुपयेही होते.

पुढील हंगामात नऊपैकी चारच घरट्यांवर कुणाची नजर राहिली. उरलेल्यांपैकी दोन रिकामी आढळली, असे तेथील वनरक्षकाने कळवले. त्याचे कारण आमचा विलंब हेच होते, असे मी म्हणणार नाही. घरटी इतर कारणांनीही रिकामी राहतात. पण सरकारच्या खात्यात मात्र तो प्रकल्प 'हिशेब पूर्ण, फाईल बंद' या सदरात गेला, म्हणजे यशस्वी ठरला.

लेखा विभागातील एका सहकाऱ्याशी या प्रकरणावरून माझा बराच वाद झाला. त्याची बाजू येथे मांडली नाही तर ते न्याय्य होणार नाही. त्याने नोकरीच्या सुरुवातीला अशा संस्थांचे हिशेब तपासले होते की ज्यांच्या पत्त्यावर गेल्यावर किराणा दुकान निघाले. कागदोपत्री सर्वांत निर्दोष प्रकरण हेच बहुधा खोटे असते, हे त्यालाही ठाऊक होते. तरीही त्याचे म्हणणे असे की नियम एकदा सैल केला की तो कुणासाठी सैल झाला हे आपल्या हातात राहत नाही. आज अंगठ्यावर विश्वास ठेवू, उद्या त्याच वाटेने दुसरा कोणी येईल. सार्वजनिक पैशाचा विश्वस्त म्हणून हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. माझे उत्तर एवढेच होते की फसवणूक कागद तपासून सापडत नाही, झाड पाहून सापडते. तीन लाख वीस हजारांच्या प्रकल्पासाठी तीन आक्षेपांवर कार्यालयाने जेवढे मनुष्यतास खर्च केले, तेवढ्यात एक कनिष्ठ अधिकारी गावात चार दिवस राहून आला असता. त्याने नऊ झाडे पाहिली असती आणि अंगठे कुणाचे तेही. दौऱ्याच्या खर्चाला काटकसरीच्या आदेशाने कात्री लागते. टिपण्या लिहिण्याच्या खर्चाला कधीच लागत नाही, कारण तो कुठल्याच लेखाशीर्षाखाली दिसत नाही.

लहान अनुदानांबद्दल आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला लेखापरीक्षणाच्या आक्षेपापेक्षा गंभीर वाटतो. जे काम लोक आपुलकीने किंवा अभिमानाने करीत होते त्याला पैसा लावला की आपुलकी निघून जाते, असे तो सांगतो. नीझी आणि रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. इस्रायलमधील हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी उशीर झाला की शरम वाटे; आता तिची किंमत ठरली होती. दंड काढून घेतला तरी शरम परतली नाही. वन्यजीवांच्या बाबतीतही अनुदान थांबले की राखणही थांबते, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. मग पैसा द्यावा की नाही?

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर किब्बर हे गाव आहे. हिमबिबट्या गुरे मारतो आणि त्याचा राग म्हणून लोक त्याला मारतात, हा तेथला जुना झगडा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी करार करून सुमारे पाच चौरस किलोमीटर कुरण पाळीव गुरांसाठी बंद करवले. त्याचा मोबदला गावाला दिला. तेथे भरल, म्हणजे हिमबिबट्याचे नैसर्गिक भक्ष्य, वाढले. त्यानंतर गुरांचा विमा आला. यातली मेख अशी की हप्ता गावकरी स्वतः भरतात, बाहेरची मदत निधीला पूरक म्हणून येते आणि कोणता दावा खरा, हे गावाचीच समिती ठरवते. सरकारी नुकसानभरपाईत गुराखी पंचनाम्याची वाट पाहत बसतो आणि अधिकारी हाडे कुणाची याचा विचार करीत बसतो. विम्याच्या निधीत शेजाऱ्याचा पैसा आहे, त्यामुळे खोटा दावा करणाऱ्याला शेजारीच गाठतात. पैसा येथेही आहे. पण तो गावाच्या अब्रूच्या जागी आलेला नाही. अब्रूच्या मागे उभा आहे. पक्केमध्येही वेतनाआधी गावबुढ्यांचे मंडळ आणि त्याचा दंड आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आम्ही एम.ए.ला होतो तेव्हा अभ्यासक्रमात गॅरेट हार्डिन यांचा १९६८चा सामाईक कुरणांच्या शोकांतिकेवरील निबंध होता. कुरण सगळ्यांचे असले की ते उजाड होणार, म्हणून एक तर ते सरकारने घ्यावे नाही तर वाटून टाकावे, असा त्याचा सारांश आम्ही परीक्षेत लिहिला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे याच विषयावरचे पुस्तक १९९०मध्ये निघाले होते, पण आमच्या वाचनालयात ते पोहोचले नव्हते. त्यांना २००९ साली नोबेल मिळाले तेव्हा मी ते वाचले. लोक आपली कुरणे, कालवे, मासेमारीची पाणी शतकानुशतके सांभाळत आले आहेत. राखणदार त्यांच्यातलाच असतो आणि शिक्षा चढत्या क्रमाने असते, हे त्यांनी देशोदेशींच्या उदाहरणांवरून दाखवले. किब्बर किंवा सेइजोसाचा माणूस म्हणेल, यात नवीन काय? पण मंत्रालयातल्या टिपणीत गावबुढ्याचा आधार देता येत नाही, नोबेलविजेत्याचा देता येतो. मी तो दोन-तीनदा दिला आहे.

वनस्पतींच्या बाबतीत अनुदानाचे गणित निराळे आहे, कारण तेथे बाजार आधीपासून हजर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक जंगल खासगी मालकीचे. मालकाला पैशाची गरज पडली की तो ठेकेदाराला झाडे विकतो आणि त्यात बेहड्याचे जुने झाडही जाते. त्याच झाडाच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो. पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने सह्याद्रीत बेहडा आणि हिरडा यांच्या फळांना 'फेअरवाइल्ड' हे प्रमाणपत्र मिळवून दिले. फळांना चांगला भाव मिळतो आणि त्याच्या बदल्यात झाड उभे ठेवण्याचा करार होतो. येथे अनुदानाची गरज सुरुवातीला, म्हणजे मोजणी, प्रशिक्षण आणि फळे वाळवण्याची सोय यांपुरतीच असते. पुढचा खर्च फळांनीच भागवायचा. मला हे सर्वांत आश्वासक वाटते, मात्र खरेदीदार परदेशी असेल तर तो ज्या दिवशी पाठ फिरवील त्या दिवशी ठेकेदार दारातच उभा असतो, हेही विसरून चालत नाही.

कोकणातलेच वेळास वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आढळली. अंडी चोरीला जात होती. गावातल्या माणसांना हाताशी धरून समुद्रकिनाऱ्यावरच कुंपणाच्या आत अंडी उबवण्याची व्यवस्था झाली. २००६पासून कासव महोत्सव भरू लागला आणि घरोघरी पाहुणे उतरू लागले. हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. पेशवाईची फडनिशी ज्या घराण्याने सांभाळली त्याच्या गावात कासवांच्या अंड्यांची रोजच्या रोज नोंदवही ठेवली जाते, याचे मला कौतुक वाटते. घरटे कोणत्या तारखेला सापडले, अंडी किती, पिल्ले किती समुद्रात गेली. उपयोगिता प्रमाणपत्राच्या विहित नमुन्यात यांपैकी एकही रकाना नाही.

नोंदवह्यांवरून आठवले. जैविक विविधता अधिनियम २००२चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची, लोकांकडून ऐकून जैवविविधता नोंदवही करायची आणि स्थानिक निधी उभारायचा. या नोंदवह्यांच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचे काम आहे. गावातल्या जाणत्यांनी आपले ज्ञान स्वतः मांडावे, हा त्याचा गाभा. अनेक वर्षे हे काम मंद चालले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि त्यानंतर चुकणाऱ्या राज्याला महिना दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. देशभर समित्यांची संख्या पाहता पाहता अडीच लाखांच्या वर गेली. त्या धावपळीत तयार झालेल्या दोन गावांच्या नोंदवह्या मी शेजारी ठेवून वाचल्या आहेत. दोन्हींत तीच झाडे, त्याच क्रमाने, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह. एक गाव नदीकाठचे होते आणि दुसरे डोंगरमाथ्यावरचे. अडीच लाख समित्यांपैकी ज्या हजार-दोन हजार खरोखर काम करीत असतील त्यांना शोधून प्रत्येकी वर्षाला दोन लाख दिले, तर तो खर्च वीस ते चाळीस कोटींच्या घरात जाईल. केंद्राच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. अडचण पैशाची नाही. त्या हजार-दोन हजार समित्या ओळखणार कोण, ही अडचण आहे.

पूर्वी ही ओळख मधल्या फळीतल्या संस्था करीत. त्या मोठ्या देणगीदाराकडून एकच मोठी रक्कम घेत, तिचा हिशेब इंग्रजीत ठेवत आणि खाली पंचवीस गटांना पंचवीस लहान रकमा देत. व्यवहाराचा खर्च त्या आपल्या अंगावर घेत. सप्टेंबर २०२०मध्ये परकीय योगदान विनियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करण्यास बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्यामागची सरकारची कारणे येथे तपासत नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि सेवेतल्या अधिकाऱ्याने त्यावर जपून लिहिलेले बरे. परिणाम तेवढा नोंदवतो. परदेशी पैशावर चालणारी ती मधली फळी पातळ झाली. दुर्गम भागातला लहान गट स्वतः परवाना घेऊन दिल्लीतल्या ठरलेल्या बँक शाखेत खाते उघडील, हे संभवत नाही. म्हणजे आता देशातल्याच पैशावर भिस्त ठेवावी लागणार, आणि तो पैसा बहुतांशी सरकारचाच आहे. आमच्या फायलींचा वेग त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

समितीतून बाहेर पडताना मी काही सूचना लिहून दिल्या होत्या. पाच लाखांच्या आतील अनुदानाचे वर्ष आर्थिक वर्षाशी न बांधता हंगामाशी बांधावे. दोन हप्त्यांऐवजी एकरकमी द्यावे आणि पुढील अनुदानाची पात्रता मात्र प्रत्यक्ष पाहणीवर ठरवावी. हिशेब लिहिण्याचा खर्च अनुदानातच स्वतंत्र दाखवावा, म्हणजे त्यासाठी मजुरीतून पैसे वळवावे लागणार नाहीत. शेवटची मान्य झाली. एकरकमीची सूचना 'तपासून पाहावे' या शेऱ्यासह अजून कुठे तरी आहे. हंगामाची सूचना वित्त विभागाने नियमांत बसत नाही म्हणून परत केली, आणि नियम वाचून पाहता ते खरेही होते.

महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी वाचक अधूनमधून पत्रे लिहून विचारतात की आम्ही यात काय करू शकतो. देणगी द्यावी, घरटे दत्तक घ्यावे, हे तर आहेच. पण मला भोपाळच्या एका गृहस्थांची माहिती द्यावीशी वाटते. ते बँकेतून निवृत्त झाले, मूळचे सातारा जिल्ह्यातले, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. तीन आदिवासी गावांतील गटांचे हिशेब ते विनामूल्य पाहतात. महिन्यातून एकदा बसने जातात, मुक्काम करतात आणि रोकडवही आठवी-नववीतल्या मुलींकडून लिहून घेतात. मुलगे शिकून बाहेर जातात, मुली निदान लग्नापर्यंत गावात असतात, असा त्यांचा व्यवहारी हिशेब. अंगठ्याचे साक्षांकन शाळेच्या मुख्याध्यापकांकडून त्याच दिवशी. व्याज दर तिमाहीला वेगळे काढून ठेवायचे. बँकेतल्या नावाचे लेखन प्रस्ताव पाठवण्याआधीच तपासायचे. त्यांच्या गटांच्या फायलीवर गेल्या चार वर्षांत एकही आक्षेप निघालेला नाही, आणि त्यांतल्या एका वहीची दुसरी बाजू उलटली की मोहाच्या आणि चारोळीच्या झाडांची मोजणी लिहिलेली दिसते. ती त्यांनी सांगितलेली नाही. मुलींनीच सुरू केली आहे.